मनाचं दुखणं लपवू नका, दवाखाना गाठा

(विहाराच्या वर्धापन दिनाच्या कार्यक्रमात वस्तीतील एका सेवानिवृत्त परिचारिकेने केलेले भाषण. उल्लेखिलेल्या रुग्णांची ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेले आहेत.)



समितीने मला बोलण्याचा विषय विचारला, तेव्हा मी म्हटलं की मला मनाच्या आजारावर बोलायचं आहे. त्यावर समितीतले एक भाऊ म्हणाले, "ताई, वर्धापन दिनाला असा विषय? लोक म्हणतील, आनंदाच्या दिवशी हे काय काढलं." त्यांचं म्हणणं मला समजतं. परंतु आज या मंडपात जेवढी घरं एकत्र बसली आहेत, तेवढी वर्षभरात पुन्हा एकत्र बसत नाहीत. आणि हा विषय असा आहे की घरोघरी जाऊन सांगायला गेलं तर लोक दार लावून घेतात. "आमच्या घरी तसं काही नाही," म्हणतात. म्हणून सगळ्यांच्या समोर, सगळ्यांना एकदम सांगायचं मी ठरवलं.

मी डॉक्टर नाही. तीस वर्षे सरकारी दवाखान्यांत परिचारिका म्हणून नोकरी केली, आणि त्यातली बरीच वर्षे मनोरुग्णांच्या वॉर्डात गेली. त्यामुळे मी जे सांगणार ते औषधाची चिठ्ठी म्हणून नव्हे. दवाखान्याचं दार कसं उघडायचं, कुठे जायचं, काय विचारायचं, एवढंच मी सांगणार आहे.

आजार किती आणि उपचार किती

आधी दोन आकडे सांगते. बेंगळुरूच्या निमहान्स या संस्थेने २०१५-१६ साली देशातल्या बारा राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं. त्या बारांत आपला महाराष्ट्र नव्हता, पण शेजारचे मध्य प्रदेश, छत्तीसगड आणि गुजरात होते. त्यात असं दिसलं की अठरा वर्षांवरच्या दर शंभर माणसांपैकी दहा-अकरा जणांना त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक आजार होता. म्हणजे ज्या वस्तीत हजार मोठी माणसं राहतात, तिथे शंभरावर माणसं. आणि दुसरा आकडा त्याहून वाईट. आजार असलेल्यांपैकी उपचार न मिळालेल्यांचं प्रमाण आजारागणिक शंभरात सत्तर ते ब्याण्णव निघालं.

याचा अर्थ नीट लक्षात घ्या. साखरेचा आजार असलेल्या दहा माणसांपैकी सात-आठ जणांना गोळीच मिळाली नाही, तर आपण काय म्हणू? म्हणू की हा अन्याय आहे. मनाच्या आजाराबाबत मात्र आपण काहीच म्हणत नाही, कारण आपणच तो लपवून ठेवतो.

का लपवतो? मी वॉर्डात हजारदा ऐकलेली कारणं सांगते. "बहिणीचं लग्न जमायचं आहे." "सासरचे काय म्हणतील." "नोकरी जाईल." "एकदा पागलखान्याचा कागद झाला की जन्मभर शिक्का." आणि सगळ्यात जास्त ऐकलेलं वाक्य म्हणजे, "त्याले काही झालं नाही मॅडम, नाटकं करून राहिला."

वस्तीतली तीन घरं

आता तीन घरांची हकीकत सांगते.

पहिलं घर. बारावीला चांगले गुण मिळवलेला मुलगा. कॉलेजात गेला आणि वर्षभरात बदलला. रात्र-रात्र जागा, आंघोळ बंद, कोपऱ्यात बसून एकटाच बोलायचा. खिडकीला पेपर चिकटवले, कारण समोरच्या घरातले लोक आपल्याविषयी बोलतात असं त्याला ऐकू यायचं. शेजारी म्हणाले, जास्त अभ्यासाने डोकं फिरलं. मामा म्हणाला, बाहेरचं झालं. मग गंडा, अंगारा, झाडफूक. एकाने तर लिंबू-नारळाचे म्हणून हजारो रुपये घेतले. अशी दोन वर्षं गेली. एक दिवस त्याने बापावर हात उचलला, तेव्हा दोरीने बांधून ऑटोत घालून मेडिकलला आणला.

या आजाराला स्किझोफ्रेनिया म्हणतात. साधारण शंभरात एका माणसाला आयुष्यात कधी तरी तो होतो, आणि बहुधा ऐन तारुण्यातच सुरू होतो. आवाज ऐकू येतात ते त्याला खरोखर ऐकू येतात, तो नाटक करत नाही. उपचार जितका लवकर सुरू होईल तितकं माणूस सावरण्याची शक्यता जास्त. या मुलाला औषध सुरू झाल्यावर आवाज कमी व्हायला काही आठवडे लागले. आज तो झेरॉक्सच्या दुकानात बसतो, हिशेब करतो. पण ती गेलेली दोन वर्षं आणि सुटलेलं कॉलेज काही परत आलं नाही.

दुसरं घर. पहिलंच बाळंतपण झालेली सून. बाळ आठ दिवसांचं, आणि बाईला झोपच नाही. "हे माझं बाळ नाही, बदललं आहे," म्हणायला लागली. सासू म्हणाली, बाळंतिणीला ओल्या अंगाने काही तरी लागलं. नवरा म्हणाला, माहेरी नेऊन सोडा. माहेरच्यांनी मात्र शहाणपणा केला. ज्या दवाखान्यात बाळंतपण झालं होतं, तिथेच तिला परत नेलं, आणि तिथून मानसोपचार विभागात पाठवलं. बाळंतपणानंतरच्या पहिल्या दोन-तीन आठवड्यांत असा तीव्र आजार काही बायकांना होतो. तो तातडीचा आजार आहे. आईच्या आणि बाळाच्या दोघांच्याही जिवाला धोका असतो, म्हणून उद्यावर टाकायचा नाही. पण तो उपचाराने बरा होतो. ती बाई आज आपल्या घरी आहे, आणि ते बाळ आता शाळेत जातं. बायांनो, नुसतं रडू येणं, उदास वाटणं हे बाळंतपणानंतर पुष्कळ जणींना होतं आणि आठ-पंधरा दिवसांत ओसरतं. ओसरलं नाही, बाळाकडे पाहवत नाही असं झालं, किंवा भलतंसलतं बोलणं सुरू झालं, तर लगेच दवाखाना.

तिसरं घर ऑटो चालवणाऱ्या भावाचं. दारू. आपण पंचशील म्हणतो, पाचवं शील सगळ्यांना पाठ आहे. पण ज्याला व्यसन लागलं त्याला फक्त शील सांगून भागत नाही, कारण व्यसन हासुद्धा आजार आहे आणि त्याचा उपचार मानसोपचार विभागातच होतो. या भावाने बायकोच्या शपथेवर एका दिवसात दारू सोडली. तिसऱ्या दिवशी हात थरथर कापायला लागले, घाम फुटला, भिंतीवर किडे दिसायला लागले. लोक म्हणाले, भूत लागलं. भूत नव्हे, रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम सोडली की असं होऊ शकतं, झटके येऊ शकतात, जीवसुद्धा जाऊ शकतो. म्हणून रोज पिणाऱ्याने दारू सोडावी, जरूर सोडावी, पण डॉक्टरच्या देखरेखीखाली सोडावी. आणि भिंतीवर जाहिराती असतात ना, "रुग्णाच्या नकळत दारू सोडवा", ती पुडी भाजीत कालवून देऊ नका. त्यात काय आहे हे तुम्हाला माहीत नसतं. दारू सोडण्यासाठी डॉक्टर जी एक गोळी देतात, तिच्यावर माणसाने दारू घेतली तर रक्तदाब एकदम खाली जाऊन प्राणावर बेतू शकतं. ती गोळी माणसाला सांगून, त्याच्या संमतीनेच द्यायची असते.

अंगारा मागच्या दाराने

एक गोष्ट कडू आहे, पण आपल्याच घरात बोलते आहे म्हणून बोलते. १४ ऑक्टोबर १९५६ ला याच नागपूरच्या भूमीवर बाबासाहेबांनी बावीस प्रतिज्ञा दिल्या. आपल्या आजी-आजोबांनी घरातले देव्हारे विसर्जित केले. पण आज घरातलं लेकरू वेड्यासारखं करायला लागलं की अंगारा मागच्या दाराने आत येतो. समोर बुद्धरूप आणि उशीखाली ताईत.

मी त्या आई-बापांना दोष देत नाही. घाबरलेला माणूस जो आधार समोर दिसेल तो धरतो. शिवाय भगत दारात येतो, गोड बोलतो, वेळ देतो. दवाखान्यात रांग असते, डॉक्टर पाच मिनिटं देतो, कोणी कोणी खेकसतोसुद्धा. पण परिणाम काय होतो ते पाहा. तमिळनाडूत एर्वाडी नावाचं गाव आहे. तिथे एका धर्मस्थळाच्या आसऱ्याने खासगी लोकांनी मनोरुग्णांसाठी निवारे काढले होते. ६ ऑगस्ट २००१ च्या पहाटे तिथल्या एका निवाऱ्याला आग लागली. रुग्ण साखळदंडाने बांधलेले होते, त्यांना पळता आलं नाही. अठ्ठावीस माणसं गेली. त्यांना तिथे आणून सोडणारेही त्यांचे आई-बाप, भाऊच होते, आणि बरं व्हावं म्हणूनच त्यांनी आणलं होतं.

महाराष्ट्रात २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा झाला. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी त्यासाठी अनेक वर्षे लढा दिला, आणि २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांचा खून झाल्यावर काही दिवसांतच त्याचा अध्यादेश निघाला. भूत उतरवण्याच्या नावाखाली माणसाला बांधणं, मारणं, चटके देणं हा या कायद्याने गुन्हा आहे. पोलीस ठाण्यात त्याची तक्रार करता येते.

ध्यान आणि औषध

आता दुसऱ्या बाजूचं. आपल्यातले काही सुशिक्षित लोक म्हणतात, "औषध कशाला, विपश्यनेला पाठवा, मन शांत होईल." ध्यानाचा फायदा पुष्कळांना होतो, ते मी नाकारत नाही. पण इगतपुरीच्या परंपरेतली जी दहा दिवसांची शिबिरं असतात, त्यांच्या नियमांतच लिहिलेलं आहे की विपश्यना ही मानसोपचाराला पर्याय नाही, आणि गंभीर मनोविकार असलेल्यांनी शिबिरात येऊ नये. अर्जात आजाराची आणि औषधाची माहिती विचारतात, ती लपवू नका. शिबिरासाठी चालू गोळ्या आपल्या मनाने बंद करू नका.

तथागतांनी आजारपणात जीवक वैद्यांचा उपचार घेतला, हे आपल्याकडच्या लहान मुलांनाही माहीत आहे. वैद्याकडे जाण्यात श्रद्धा कमी पडते असं कुठे आहे? आणि पटाचारेची कथा तर पावसाळ्यात याच विहारात भन्तेजींनी सांगितली. नवरा गेला, दोन लेकरं गेली, आई-बाप-भाऊ गेले. दुःखाने भान सुटलं, अंगावरच्या कपड्याचीही शुद्ध राहिली नाही. लोकांनी तिला वेडी म्हणून हाकललं. ती धर्मसभेत शिरली तेव्हा लोक अडवायला धावले. बुद्धांनी अडवू दिलं नाही. कोणी तरी आपलं वस्त्र तिच्या अंगावर टाकलं. मला त्या कथेत हे वस्त्र टाकणारा माणूस फार मोठा वाटतो. त्याचं नावही आपल्याला माहीत नाही, पण आपल्या वस्तीत आज तेच काम करणारी माणसं पाहिजेत.

जायचं कुठे

आता कामाचं बोलू. वह्या-पेन असतील तर लिहून घ्या.

नागपुरात मेडिकल आणि मेयो, दोन्हीकडे मानसोपचार विभाग आहे. मिहानच्या एम्समध्येही आहे. आणि छिंदवाडा रोडवरचं प्रादेशिक मनोरुग्णालय आहेच. राज्यात अशी चार जुनी मनोरुग्णालयं आहेत: नागपूर, ठाणे, पुण्याचं येरवडा आणि रत्नागिरी. लोकांना वाटतं मनोरुग्णालयात गेलं की आत कोंडतात. तसं नाही. तिथेही बाह्यरुग्ण विभाग असतो. सकाळी जायचं, तपासून घ्यायचं, औषध घेऊन घरी यायचं. भरती करावी लागते ती थोड्यांना. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी आणि उपचार मोफत केले आहेत, त्यात मनोरुग्णालय येतं. मेडिकल आणि मेयो हे वैद्यकीय शिक्षण खात्याचे, तिथे केसपेपरची वेगळी पद्धत आहे.

ज्यांचे नातेवाईक खेड्यात आहेत त्यांच्यासाठी: केंद्र सरकारचा जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम १९९६ साली चार जिल्ह्यांपासून सुरू झाला आणि पुढे देशभर पसरला. जिल्हा रुग्णालयात त्याची चौकशी करा. गावातल्या आशाताईला विचारलं तरी ती सांगेल.

घरून निघताच येत नसेल तर फोन करा. १४४१६. हा टेलि-मानसचा नंबर आहे. १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, चोवीस तास, फुकट, आणि मराठीत बोलता येतं. पलीकडे शिकलेला समुपदेशक असतो, गरज असली तर तो डॉक्टरशी जोडून देतो. पुन्हा सांगते, एक चार चार एक सहा.

पहिल्या दिवशी काय न्यायचं? जुने सगळे कागद, चालू असलेल्या सगळ्या गोळ्या, झाडपाल्याची पुडी असेल तर तीही. आणि त्याच्यासोबत चोवीस तास राहणारं माणूस. पुष्कळदा आई दिवसभर पाहते आणि दवाखान्यात दूरचा काका येतो; डॉक्टरने विचारलं की "मला नाही माहीत" म्हणतो. झोप किती, जेवण किती, कधीपासून, काय बोलतो, हे घरून कागदावर लिहून न्या. पाच मिनिटं मिळाली तरी ती कामी येतात.

तिथे वेगवेगळी माणसं भेटतील. मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे मनोविकारांचं शिक्षण घेतलेला डॉक्टर, तो औषध देतो. मानसशास्त्रज्ञ चाचण्या घेतो आणि बोलण्यातून उपचार करतो, तो गोळ्या देत नाही. समाजसेवा विभागातला कार्यकर्ता घरच्यांशी बोलतो, योजनांचे कागद करून देतो. या शेवटच्या माणसाला जरूर भेटा, कारण रांगेत कोणी त्याचं नाव सांगत नाही. मानसिक आजाराने कायमची अडचण आली असेल तर २०१६ च्या कायद्याप्रमाणे दिव्यांग प्रमाणपत्र मिळतं, संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज करता येतो. ते सगळं तोच समजावून सांगतो.

मागून एक ताई विचारत आहेत की गोळ्यांची सवय लागते का? चांगला प्रश्न. उदासीनतेच्या किंवा आवाज ऐकू येण्याच्या आजाराच्या गोळ्यांचं व्यसन लागत नाही. झोपेच्या काही गोळ्यांची सवय लागू शकते, म्हणून त्या डॉक्टर सांगतील तितकेच दिवस घ्यायच्या, आणि मेडिकल स्टोअरमधून मनाने आणायच्या नाहीत. दुसरं, उदासीनतेची गोळी पहिल्या दिवशी काम करत नाही. दोन ते चार आठवडे लागतात. आपले लोक आठ दिवसांत म्हणतात, "काही फरक नाही," आणि सोडून देतात. तिसरं, त्रास होतो. तोंड कोरडं पडतं, झोप येते, वजन वाढतं, काही गोळ्यांनी हातपाय ताठरतात. हे डॉक्टरला सांगा. गोळी बदलता येते, मात्रा कमी करता येते. पण बरं वाटलं म्हणून एकदम बंद करू नका. माझ्या वॉर्डात परत-परत येणारे बहुतेक रुग्ण हे बरं वाटलं म्हणून गोळी सोडलेलेच असत.

कायदा आपल्या बाजूने आहे

१९१२ चा जो इंग्रजांचा कायदा होता त्याचं नावच वेड्यांचा कायदा असं होतं. मग १९८७ चा आला. आता २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा आहे, तो २९ मे २०१८ पासून लागू आहे. त्यातल्या काही गोष्टी प्रत्येक घराला माहीत पाहिजेत.

सरकारी खर्चाने चालणाऱ्या सेवेत मानसिक उपचार मिळणं हा माणसाचा हक्क आहे. त्यात लिंग, धर्म, वर्ग, जात यांवरून भेदभाव करता येणार नाही, हे कायद्यात शब्दांनी लिहिलेलं आहे. दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला हा उपचार फुकट मिळाला पाहिजे. रुग्णाला साखळीने बांधता येत नाही. विजेचे झटके म्हणून लोक ज्याला भितात तो उपचार भूल दिल्याशिवाय करता येत नाही. रुग्णाची माहिती गुप्त ठेवावी लागते. म्हणजे तुमच्या मुलाच्या आजाराचं डॉक्टर कोणाला सांगत फिरू शकत नाही. आपण आजारी पडलो तर आपल्या वतीने कोणी बोलायचं, ते माणूस आधीच लिहून नेमता येतं. आरोग्य विमा असेल तर कंपनीने शरीराच्या आजाराप्रमाणेच मनाचा आजारही त्यात धरला पाहिजे. रस्त्यावर भटकणारा मनोरुग्ण दिसला तर पोलिसांनी त्याला कोठडीत न टाकता चोवीस तासांच्या आत सरकारी दवाखान्यात न्यायचं असतं. आणि या सगळ्यात कोणी अडवलं तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून फुकट वकील मिळतो.

आता जे सांगायचं आहे ते सांगताना मला जड जातं. गेल्या वर्षी आपल्या वस्तीने एक तरुण गमावला. त्याचं घर इथे बसलं आहे, त्यांच्या परवानगीनेच बोलते. त्याने त्याआधी एकदा प्रयत्न केला होता. तेव्हा जीव वाचला. पण घरच्यांनी ते पोटात ठेवलं, कारण कोणी तरी सांगितलं, "दवाखान्यात खरं सांगाल तर पोलीस केस होईल, पोरगा आत जाईल." त्या भीतीने त्याला मानसोपचाराच्या डॉक्टरला कधी दाखवलंच नाही. त्याच्या आईने मला विचारलं, "बाई, खरंच केस झाली असती का?"

नसती झाली, माय. २०१७ च्या कायद्यात लिहिलं आहे की ज्याने असा प्रयत्न केला तो माणूस तीव्र ताणाखाली होता असं धरून चालायचं, त्याच्यावर खटला भरायचा नाही, उलट त्याची काळजी घेणं, उपचार देणं ही सरकारची जबाबदारी. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, आणि जुनं ३०९ कलम तिच्यात ठेवलेलंच नाही. अशी खोटी भीती घालणारा माणूस आपल्यात कोणी असेल तर त्याला आजपासून गप्प बसवा.

कोणी म्हणालं, "मला जगावंसं वाटत नाही," तर हसू नका, रागावू नका, "असं बोलू नये" म्हणून तोंड बंद करू नका. सरळ विचारा, "जीव द्यायचा विचार येतो का?" विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही; उलट बोलायला वाट मिळते. त्याला एकटं सोडू नका, घरातली विषारी औषधं, गोळ्या उचलून ठेवा, आणि त्याच दिवशी दवाखान्यात न्या. तातडी असेल तर १०८ ला फोन करा.

अन्यायाला गोळी नाही

तरुण मित्र मला म्हणतील, ताई, तुम्ही सगळं डोक्यातल्या आजारावर टाकता. वर्गात जातीवरून टोमणे मारतात, शिष्यवृत्ती सहा-सहा महिने येत नाही, नोकरी नाही. त्याला गोळी काय करणार? बरोबर आहे. जानेवारी २०१६ मध्ये हैदराबादला रोहित वेमुला गेला, मे २०१९ मध्ये मुंबईत डॉक्टर पायल तडवी गेली. त्यांच्या मातांनी तो लढा न्यायालयात नेला. हे दुःख समाजाने दिलेलं आहे आणि त्याचा उपाय समाजातच, कायद्यात, संघटनेत आहे. अन्यायाला गोळी नाही.

पण अन्यायाशी लढणारा माणूस जिवंत राहिला पाहिजे, त्याला झोप लागली पाहिजे, त्याचं डोकं चाललं पाहिजे. जखम दुसऱ्याने केली म्हणून आपण मलमपट्टी करायची नाही असं नसतं. तक्रारही करा आणि उपचारही घ्या. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी मार्गदर्शक सूचना दिल्या. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेत प्रशिक्षित समुपदेशक नेमायला सांगितलं. आपल्या मुलांच्या शाळा-कॉलेजात तो आहे का, हे पालकसभेत उभं राहून विचारा.

विहाराने काय करावं

मी समितीपुढे चार गोष्टी ठेवते.

एक, विहाराच्या फलकावर १४४१६ हा नंबर आणि जवळच्या दवाखान्यांच्या मानसोपचार विभागाचे वार व वेळा कायमच्या लिहून ठेवाव्यात. वार बदलतात, म्हणून कोणी तरी दर तीन महिन्यांनी जाऊन खात्री करावी.

दोन, सोबत जाणारी चार माणसं नेमावीत, दोन बाया, दोन पुरुष. ज्या घरात एकटी आई आहे आणि तरणा मुलगा दवाखान्यात यायला तयार नाही, तिथे ही माणसं सोबत जातील, रांगेत उभी राहतील. त्यांनी ऐकलेलं बाहेर बोलायचं नाही, हा पहिला नियम. माझं नाव त्यात पहिलं लिहा.

तीन, महिन्यातल्या एका रविवारी वंदनेनंतर तासभर, ज्यांच्या घरी असा रुग्ण आहे त्यांनी एकत्र बसावं. रुग्णाची काळजी घेणारी माणसं फार थकतात. त्यांना कोणी "तू जेवली का" असंसुद्धा विचारत नाही.

चार, दानातून थोडी रक्कम ऑटो-बसच्या भाड्यासाठी बाजूला ठेवावी. औषध फुकट असतं, पण भाड्याला पैसे नाहीत म्हणून पाळी चुकलेले रुग्ण मी पाहिले आहेत.

आणि घरोघरी एक गोष्ट. "लग्न करून द्या, ठीक होईल," हे म्हणणं बंद करा. लग्न हे औषध नाही. आजार लपवून केलेल्या लग्नात दोन घरं बुडतात. आजार सांगून, उपचार चालू ठेवून लग्न करणारी आणि चांगला संसार करणारी जोडपीही मी पाहिली आहेत.

शेवटी वॉर्डातलं एक सांगते आणि थांबते. आमच्याकडे अशा बाया होत्या की ज्या केव्हाच बऱ्या झाल्या होत्या. घरच्यांनी दिलेल्या पत्त्यावर पत्र पाठवलं की परत यायचं, पत्ता खोटा निघायचा. भेटीच्या दिवशी त्या वेणी घालून, धुतलेलं लुगडं नेसून फाटकाकडे तोंड करून बसायच्या. संध्याकाळी उठून आत जायच्या. आजाराने त्यांना आत आणलं होतं, पण आत ठेवलं होतं ते माणसांच्या लाजेने. या वस्तीतल्या कोणत्याही घरचं माणूस असं फाटकाकडे पाहत बसणार नाही, एवढं वचन आज आपण एकमेकांना देऊ या.